चारमिनारपाशी अर्धं राहिलेलं भांडण

मामाजी,

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. पुण्यानुमोदन पार पडलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, राजूनं परवापासून ऑटो पुन्हा बाभुळगाव-यवतमाळ लाईनीवर लावला. आज दुपारी घरात मी एकटीच आहे, म्हणून हे लिहायला बसले.

कार्यक्रमात पुष्कळ लोक बोलले. विहाराच्या कमिटीतल्या एका काकांनी सांगितलं, की शामराव मिस्तरी जन्मात कोणाशी भांडले नाहीत. मी बायकांमध्ये सतरंजीवर बसले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला हसू आलं आणि ते पदरात लपवावं लागलं. तुम्ही माझ्याशी रोज भांडायचात. मसाल्यात पाणी किती, विटा किती वेळ भिजवायच्या, सूत कोणी ओढायचं, डब्यातल्या भाजीत तिखट काहून जास्त पडलं. लोकांना ते सासऱ्यानं सुनेला रागावणं वाटायचं. मला ते दोन मिस्तऱ्यांचं भांडण वाटायचं. तुम्हाला काय वाटायचं, हे मी एकदाच आडून विचारलं, हैदराबादला, चारमिनारसमोर. त्याचं उत्तर तुम्ही अर्धंच दिलंत.

थापी माझ्या हातात तुम्हीच दिली होती. लग्न होऊन आर्णीकडून तुमच्या घरी आले तेव्हा मी बारावी नापास होते आणि घरात बसून राहायची सवय नव्हती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. राजू तेव्हा दुसऱ्याचा ऑटो चालवायचा. मी तुमच्यासोबत कामावर यायला लागले. चार वर्षं डोक्यावर मसाल्याचं घमेलं आणि विटा, दुसरं काही नाही. मग एका गुरुजींच्या घराच्या मागच्या भिंतीचं काम चाललं होतं. तुम्ही वर बांबूच्या पहाडावर, मी खाली. मी खालून म्हटलं, "मामाजी, चौथ्या थरापासून भिंत बाहेर येऊन राह्यली."

तुम्ही म्हणालात, "तू घमेलं दे."

मी घमेलं दिलं नाही. तुम्ही चिडून ओळंबा सोडला. भिंत बोटभर बाहेर होती. तुम्ही खाली उतरलात, पाणी प्यालात, आणि तुमच्याच हातानं लावलेले थर तुमच्याच हातानं पाडलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर पोचल्यावर तुमची जुनी थापी माझ्यापुढे धरलीत. "घमेलं आता दुसरं कोनी उचलन," एवढंच बोललात.

त्या दिवसापासून मी भिंत बांधते. कोपरा काढते, गिलावा करते, जिन्याचं माप बसवते. पण घरमालक आला आणि त्यानं माझ्याकडे पाहून विचारलं, की तुमचं उत्तर ठरलेलं असायचं. "सून हाये माही. मदतीले येते." नऊ वर्षं हेच उत्तर. अख्खं घर मी बांधलं तरी मी मदतीला. मी मनात जळायचे आणि संध्याकाळी तुमच्या चहात साखर कमी टाकायचे. तुम्ही तो चहा तसाच प्यायचात. तुम्हाला कळत होतं की नाही, देव जाणे.

मागच्या हिवाळ्यात संतोषच्या मुलीचं बारसं होतं. संतोष म्हणजे माझा धाकटा भाऊ, हैदराबादला एका कंपनीची गाडी चालवतो. राजूला ऑटो सोडून येणं जमेना. तेव्हा तुम्हीच म्हणालात, "मी येतो तुह्यासंग. राजाचं गाव हाये ते. एकडाव पाहून घेऊ." मला आश्चर्य वाटलं, कारण तुम्ही यवतमाळलासुद्धा काम असलं तरच जायचात. आदिलाबादपर्यंत एसटीनं आणि पुढे रेल्वेनं आपण गेलो. बारसं झालं. दुसऱ्या दिवशी संतोषला ड्युटी होती. त्यानं एका कागदावर क्रमानं लिहून दिलं, आधी गोवळकोंडा, मग सात गुंबद, मग राजवाडा, मग चारमिनार. "ताई, मामाजींना हात धरून ने," असं तो म्हणाला. तुम्ही ऐकलंत आणि हात पाठीमागे बांधून माझ्या दहा पावलं पुढे चालायला लागलात.

बारशासाठी घेतलेले नवे बूट तुम्हाला लागत होते. किल्ल्याच्या दारापर्यंत ते तुम्ही सोसले. मग काढून माझ्या पिशवीत टाकलेत आणि दिवसभर अनवाणी फिरलात. मी म्हटलं, लोक पाहतात. तुम्ही म्हणालात, "लोकं किल्ला पाह्याले आले. माहे पाय कोन पाहीन?"

दारातून आत गेल्यावर एक घुमट आहे. तिथं गाईड लोकांना टाळ्या वाजवायला सांगत होता. इथं वाजवलेली टाळी पार वर टेकडीच्या टोकाला ऐकू जाते म्हणे. सगळे टाळ्या वाजवत होते, पोरं तर थांबेनात. मीही वाजवली. तुम्ही मान मागे टाकून नुसते वर पाहत होतात.

"मामाजी, तुमी बी वाजवा नं."

"टाळ्या सारेच वाजवून राह्यले. मी घुमट पाह्यतो." थोड्या वेळानं म्हणालात, "मले एक सांग वंदना, हे बांधतानी त्याले मालूम असन का, का आवाज वर जाईन? का बांधून झाल्यावर समजलं?"

"आधीच मालूम असन. एवढा मोठा कारागीर."

"मले नाही वाटत. बांधून झाल्यावर कोनी तरी खोकललं असन अन् वरून पाहारेकऱ्यानं इचारलं असन, कोन हाये म्हनून. मंग यानं राजाले जाऊन सांगतलं, म्या हे मुद्दाम केलं." आणि तुम्ही एकटेच किती तरी वेळ हसत राहिलात. गाईडनं आपल्याकडे वळून पाहिलं. तुम्हाला असं हसताना मी कामावर कधी पाहिलं नव्हतं.

पायऱ्या चढायला दोन तास लागले. दर पंधरा-वीस पायऱ्यांनी तुम्ही थांबायचात, पण थकलो असं म्हणायचं नाही. थांबून भिंत तपासायची. दगडावर हात फिरवायचा, सांध्यात नख घालून पाहायचं. मीही मग तुमच्यासोबत भिंत तपासल्यासारखं करायची, कारण मलाही दम लागला होता. एके ठिकाणी टेकडीचा मोठा गोटा जसाच्या तसा ठेवून दोन्ही बाजूंनी भिंत त्याला आणून भिडवली आहे. तिथं तुम्ही खरंच थांबलात. खाली बसून पाहिलंत, मग उभं राहून. "पाह्य," म्हणालात, "हा गोटा फोडता आला असता. नाही फोडला. गोट्याशी भांडला नाही तो. आपली भिंत त्याच्या मापानं वळवली. मोठा मिस्तरी होता." बोलताना तुमचा आवाज एखाद्या जवळच्या माणसाबद्दल बोलावा तसा झाला होता.

वर वारा होता. सगळं शहर पसरलेलं दिसत होतं. मी बोर्ड मोठ्यानं वाचून दाखवला. कोणत्या राजानं काय बांधलं, कोणी कोट वाढवला, कोणी महाल केला. तुम्ही ऐकलंत आणि म्हणालात, "राजाईनं तं लय काम केलं बाप्पा. घमेले कोनाच्या डोक्शावर होते मंग?" बाजूला डबा खात बसलेल्या एका बाईला तेवढी मराठी कळली, तीही हसली.

सात गुंबद तिथून जवळच आहे. ऑटोनं गेलो. राजांच्या कबरी आहेत त्या, मोठ्या बागेत, एकेकीवर केवढा तरी घुमट. लोक घुमट पाहून फोटो काढत होते. तुमचं लक्ष दुसरीकडेच गेलं. एका लहान कबरीच्या चौथऱ्याची दुरुस्ती चालू होती आणि चार मिस्तरी चुन्याचा गिलावा करत होते. तुम्ही सरळ तिकडे निघालात. मी मागून म्हणत राहिले, की तिकडं दोरी बांधली आहे, जाऊ देणार नाहीत. तुम्ही दोरीपाशी उभे राहून वास घेतलात.

"गूळ हाये यात," तुम्ही मला म्हणालात. मग त्यांच्यातल्या मोठ्या मिस्तऱ्याला विचारलंत, "गूळ कितना डालते?"

त्यानं वर पाहिलं. पन्नाशीचा माणूस, दाढीला चुना लागलेला. म्हणाला, "चचा, आप भी काम करते क्या?"

"हाव. उधर यवतमाल साईड में. लेकिन हमारे यहां अब सिमेंटच हाये. चुना मैंने लहानपन में बाप के साथ किया था."

त्यानं तुम्हाला दोरीच्या आत घेतलं. मग तुमचं दोघांचं जे सुरू झालं ते अर्धा तास चाललं. तुमची हिंदी आणि त्याची हैदराबादी, दोन्ही मिळून एक तिसरीच भाषा झाली होती. चुना किती दिवस भिजवायचा, हिरड्याचं पाणी, बेलाचा गर, वाळू कोणत्या नदीची. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. तुमच्या वडिलांबरोबर तुम्ही चुन्याचं काम केलं होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं सोबत काम करून.

मग तो मिस्तरी इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "साब खाने को गए हैं. लो चचा, एक हाथ आप भी लगाओ." आणि त्यानं थापी तुमच्यापुढे धरली.

तुम्ही ती घेतलीत. थापीवर चुना उचललात, भिंतीकडे नेलात, आणि तुमचा हात थरथरायला लागला. थोडासा नाही. थापी भिंतीला लागायच्या आत चुना खाली पडला. तुम्ही पुन्हा उचललात. पुन्हा तसंच झालं. ते चौघे मिस्तरी एकदम आपापल्या कामात गढून गेले. चांगली माणसं होती ती.

मला तिथं उभ्या उभ्या मागचं सगळं वर्ष आठवलं. वर्षभरापासून तुम्ही शेवटचा हात माझ्याकडेच सोपवायचात. गिलाव्याचा पहिला थर तुम्ही घालायचात आणि म्हणायचात, "रंधा तू मार, मी पान खाऊन येतो." मला वाटायचं तुम्ही आता आळशी झालात. मी राजूजवळ चुगलीही केली होती, की मामाजी काम माझ्यावर टाकून झाडाखाली जाऊन बसतात. तुम्ही हात लपवायला झाडाखाली जात होतात, मामाजी. आणि मी तुमच्या चहात साखर कमी टाकत होते.

तुम्ही थापी माझ्याकडे दिलीत. माझ्याकडे न पाहता म्हणालात, "घे. चुना हाये, सिमेंटासारखा दाबू नोको. त्याले आपल्या मनानं बसू दे."

मी लावला. दोन हात रुंदीचा तुकडा असेल. चुना लोण्यासारखा पसरत होता, सिमेंटसारखा ओढत नव्हता. तो मिस्तरी जवळ येऊन पाहायला लागला. म्हणाला, "हाथ साफ है. बेटी है आपकी?"

"बहू," तुम्ही म्हणालात.

मी वाट पाहिली. आता तरी पुढचा शब्द येईल म्हणून वाट पाहिली. तुम्ही घुमटाकडे पाहत राहिलात. मी थापी पुसून परत केली.

राजवाड्यात माझं लक्ष नव्हतं. मोठा दिवाणखाना, राजाची संगमरवरी बैठक, वर काचेची झुंबरं. लोक झुंबरांकडे पाहत होते. तुम्ही झुंबर ज्या कडीला टांगलं होतं ती कडी पाहत होतात, आणि एवढं वजन छतानं कसं धरलं असेल ते मला समजावून सांगत होतात. मी नुसती हो जी, हो जी करत होते. तुमच्या लक्षात आलं. तुम्ही बोलायचं बंद केलंत.

चारमिनारला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. बांगड्यांची दुकानं, गाडे, गर्दी. आपण समोरच्या एका हॉटेलात बाहेरच्या बाकड्यावर बसून इराणी चहा घेतला. तुम्ही बशीत ओतून प्यायला लागलात. मी विचारलं, "मामाजी, आज पाहिलं ते सारं कोनं बांधलं?"

"बोर्डावर लिवलं होतं नं. राजाईनं."

"मिस्तऱ्यायचं नाव काहून नाही लिवलं?"

"नाव कायले पाह्यजे? काम दिसून राह्यलं नं. काम चांगलं असलं म्हंजे झालं."

"तुमाले नाही पाह्यजे," मी म्हटलं, "कारन तुमाले हाये. बाभुळगावात कोनाले बी इचारा, शामराव मिस्तरी म्हनतात. तुमच्या नावात मिस्तरी हाये. माह्या नावात काय हाये? मदतीले येते."

माझा आवाज चढला होता. शेजारच्या बाकड्यावरचे लोक पाहायला लागले. मी आयुष्यात तुमच्याशी असं बोलले नव्हते. तुम्ही बशी खाली ठेवलीत. ती ठेवताना थोडी वाजली, आणि तुम्ही लगेच हात मांडीखाली घेतलात.

मग म्हणालात, "म्या म्हनलं तं ते घरातलं बोलनं झालं. सासरा सुनेचं कवतिक करून राह्यला म्हनतीन लोकं. मिस्तरी हे लोकायनं म्हनलं पाह्यजे."

"लोकं तुमच्याकडं पाहून म्हनतात, मामाजी. तुमी मदतीले म्हनता म्हनून ते बी मदतीले म्हनतात. तुमी एकडाव म्हनून तं पाहा."

तुम्ही चारमिनारकडे पाहिलंत. मला वाटलं आता बोलाल. तुम्ही म्हणालात, "चाल. संतोषले काळजी लागन."

एवढंच. पण ऑटोत बसल्यावर तुम्ही खिशातून कागदाची पुडी काढलीत. बांगड्या होत्या, लाखेच्या, हिरव्या, मध्ये काचेचे बारीक तुकडे बसवलेल्या. मी चहाचे पैसे द्यायला आत गेले तेवढ्यात तुम्ही त्या घेतल्या होत्या. "कामावर नोको घालू," म्हणालात, "मसाल्यानं खराब होतीन." मी हात पुढे केला. तुम्ही पुडी माझ्या मांडीवर ठेवलीत. त्या घालून द्यायला तुमचा हात स्थिर राहिला नसता, हे दोघांनाही माहीत होतं.

गावी आल्यावर मी राजूला हाताचं सांगितलं नाही. तुम्हालाही मी पाहिलं असं बोलले नाही. एक मात्र केलं. कामावर तुम्ही पहाडाकडे वळलात, की मी आधी चढायचे. तुम्ही खाली निंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायचात आणि तिथून ओरडायचात, "उजव्या कोपऱ्यात पोट आलं." बहुतेक वेळा भिंत फुगलेली नसायची. मी म्हणायचे, "नाही आलं." तुम्ही म्हणायचात, "आलं." एखादा मालक विचारायचा, "मिस्तरी, वर काहून नाही जात आता?" तुम्ही म्हणायचात, गुडघा दुखते. मी वरून म्हणायचे, हो, लय दुखते त्यायचा गुडघा. इतकं खोटं आपण मिळून बोललो.

ते वर्ष आपलं सगळ्यात चांगलं गेलं, मामाजी. तुम्ही मला चुन्याचं तोंडीच शिकवलंत, कारण चुन्याचं काम इकडं कुणी देत नाही. तुमच्या वडिलांच्या गोष्टी सांगितल्यात. ते पायली-पायलीनं चुना मोजायचे आणि चुना दळणाऱ्या घाणीच्या बैलाशी गप्पा मारायचे. दुपारच्या डब्याला आपण एकमेकांच्या भाजीला नावं ठेवली, भाजी तर एकाच कढईतली होती.

मग दवाखाना. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. यवतमाळला नेलं तेव्हाच तुम्हाला कळलं होतं असं मला वाटतं. तिसऱ्या दिवशी पलंगावर पडल्या पडल्या तुम्ही वर पाहत होतात. मला वाटलं दुखतंय. वाकून विचारलं, तर म्हणालात, "हे छत कोन केलं? पंख्यापाशी पाह्य कसं दबलं." मी पाहिलं. खरंच दबलं होतं. नर्स आत आली तेव्हा आपण दोघं हसत होतो आणि तिनं मला रागावलं.

त्याच संध्याकाळी पेज आणली होती. मी चमचा भरला. तुम्ही माझ्या हातातून चमचा घेतलात. हात थरथरत होता, पेज चादरीवर सांडत होती, आणि तुम्ही हात लपवला नाही. माझ्या डोळ्यांकडे सरळ पाहत होतात. मी तुमचं मनगट धरलं. तुम्ही चमचा सोडला नाहीत, मी मनगट सोडलं नाही. असे चार-पाच घास तुम्ही खाल्लेत. तेव्हा बोलायला पाहिजे होतं. हैदराबादलाच पाहिलं होतं, मामाजी, असं म्हणायला पाहिजे होतं. चुगली केली म्हणून माफी मागायला पाहिजे होती. मी म्हटलं, "मीठ कमी हाये का?" तुम्ही म्हणालात, "बरोबर हाये." माझ्या स्वयंपाकाला तुम्ही बरोबर म्हटलं ते त्याच वेळी.

तुम्ही गेल्यावर बॅनरवर काय लिहायचं यावरून राजूचं आणि माझं थोडं झालं. त्यानं कागदावर कालकथित शामराव आणि आडनाव लिहून आणलं. मी म्हटलं, मिस्तरी लिही. तो म्हणाला, ते काय आडनाव आहे का? मी त्याला म्हटलं, तुझ्या बापाला तीस वर्षं ज्या नावानं लोकांनी हाक मारली, ते नाव बॅनरवर नसेल तर लोक विचारतील की गेलं कोण. त्यानं लिहिलं. आडनाव बारीक झालं आणि मिस्तरी मोठं.

वानखडे भाऊंची समोरची भिंत तुम्ही आजारी पडलात तेव्हा अर्धी राहिली होती. टपाल खात्यातून रिटायर झालेले आपले वानखडे भाऊ. ते भेटायला आले, बसले, तुमच्याबद्दल बोलले, आणि उठताना राजूला विचारलं, "काम कवा सुरू होईन?" राजूनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सोमवारी."

सोमवारी गेले. मजूर बाई मसाला कालवत होती. झाडाखाली खुर्ची कोणी टाकली नव्हती, त्यामुळे उजव्या कोपऱ्यात पोट आलं का ते मलाच खाली उतरून, लांब जाऊन पाहावं लागलं. तीनदा उतरले. तीन दिवस काम चाललं. आज सकाळी शेवटचा हात मारून झाला, रंधा फिरवून झाला. गिलावा ओला होता. फाटकाजवळ, खालच्या अंगाला, मी एक खिळा घेतला आणि लिहिलं, शामराव मिस्तरी. त्याखाली लिहिलं, वंदना मिस्तरी.

लिहून झाल्यावर मला भीती वाटली. दुसऱ्याची भिंत, दुसऱ्याचं घर. रंधा उचलला पुसायला. तेवढ्यात वानखडे भाऊ बाहेर आले. चष्मा नाकावर ओढून, वाकून, त्यांनी पाकिटावरचा पत्ता वाचावा तसं सावकाश वाचलं.

"हे कायले?"

"ही भिंत आमी दोघाईनं केली, भाऊ. अर्धी त्याईनं सुरू केली, अर्धी म्या. तुमाले नाही पटलं तं पुसते, अजून ओलं हाये."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "वंदनाचा व जरासा वाकडा झाला." आणि पेपर घ्यायला फाटकाबाहेर गेले.

तुम्हाला हे आवडणार नाही, मला माहीत आहे. तुम्ही असतात तर एका हातात पुसून टाकलं असतं. मग घरी येईपर्यंत आपण भांडलो असतो, आणि मी नाव पाहिजेच असं म्हटलं असतं, आणि तुम्ही काम पाहा म्हटलं असतं. तुमचं खरं असेल. पण मला तुमच्या शेजारी लिहायचं होतं, तुमच्या मागे मदतीला नाही.

वाकडा व मी तसाच राहू दिला. हात धुतले, अवजारं गोळा केली, घरी आले. आता सात दिवस पाणी मारून तराई करायची आहे, नाही तर गिलावा तडकतो. वानखडे भाऊंनी नळाला पाईप लावून ठेवतो म्हटलं आहे. उद्या सकाळी सात वाजता मी जाते.

तुमची,
वंदना